काकू म्हणतात, ‘पितळेच्या भावाने घेऊन जा’

वाचकाचं पत्र, थोडक्यात: नागपुरातले एक वाचक, वय पंचेचाळीसच्या आसपास, बँकेत नोकरी. शेजारचे काका रेल्वेत होते, ते दोन वर्षांपूर्वी वारले. काकू आता फ्लॅट विकून मुलाकडे पुण्याला निघाल्या आहेत. आवराआवरीत काकांच्या कपाटातून वाफेच्या इंजिनाचं एक पितळी मॉडेल निघालं, मूळ खोक्यासकट. काकू म्हणाल्या, “तुला लहानपणापासून याचं वेड. पितळेच्या भावाने घेऊन जा.” वाचकाने नेटवर शोधलं, तर तसंच दिसणारं इंजिन 1,800 डॉलरला लावलेलं. तेव्हापासून त्यांची झोप उडाली आहे. भाऊ म्हणतो, “चुपचाप घेऊन टाक ना बे.” पत्नी म्हणते, काकूंना खरं काय ते सांगा. इंजिन काळवंडलंय म्हणून सासूबाई पितांबरी घेऊन तयार आहेत. नऊ वर्षांच्या मुलाला ते आजच्या आज रुळांवर पळवायचंय. वाचक विचारतात: घ्यावं का, कितीला घ्यावं, पितळ काही गंजत नाही तेव्हा देखभालीचा व्याप नसेलच ना, आणि पुढे त्याची किंमत वाढेल ना?

उत्तर:

तुमच्या घरात सध्या पाच मतं आहेत आणि पाचही जणांनी एक गोष्ट धरूनच ठेवली आहे: ते इंजिन काय आहे, हे आपल्याला कळलंय. भावाला ते लाखाचं घबाड वाटतं, सासूबाईंना काळं पडलेलं भांडं, मुलाला खेळणं. तुम्ही लिहिता, “काकांनी चालवलेल्या डब्ल्यूजीचं मॉडेल आहे.” (डब्ल्यूजी म्हणजे आपल्या ब्रॉडगेजवरचं मालगाडीचं वाफेचं इंजिन.) कशावरून? पुढे दोन लहान चाकं, मधे आठ मोठी, मागे दोन लहान, एवढ्यावरून. चाकांची ही रचना डब्ल्यूजीची आहे हे खरं. चित्तरंजनच्या कारखान्यातून 1950 मध्ये बाहेर पडलेलं पहिलं इंजिन, ‘देशबंधू’, ते डब्ल्यूजीच होतं. पण हीच रचना जगभर हजारो इंजिनांना होती. तिला ‘मिकाडो’ म्हणतात, कारण अमेरिकेच्या बाल्डविन कंपनीने 1897 मध्ये अशी इंजिनं जपानच्या रेल्वेसाठी बनवली होती.

तुमच्याच पत्रातल्या दोन ओळी वेगळं सांगतात. “बॉयलरवर छोटी घंटा आहे” आणि “टेंडरच्या पोटावर इंग्रजीत जपान असं लिहिलंय.” (टेंडर म्हणजे इंजिनामागचा कोळसा-पाण्याचा डबा.) आपल्या इंजिनांच्या बॉयलरवर घंटा नसायची, शिटीवर काम भागायचं. घंटा ही अमेरिकन इंजिनांची खूण. आता तिसरी गोष्ट पाहा: समोरच्या आडव्या पट्टीवर डाव्या-उजव्या बाजूला धक्का झेलणारे गोल बफर आहेत का? भारतीय ब्रॉडगेज इंजिनाला ते असणारच. नुसती मधोमध कपलिंगची कडी आणि खाली जाळीदार ‘काऊकॅचर’ असेल, तर तुमच्या हातात अमेरिकन इंजिनाचं जपानी मॉडेल आहे. काकांनी ते कुणाकडून तरी मिळवलं असेल, चाकांची मांडणी त्यांच्या ओळखीची वाटली म्हणून जपलं असेल. काकूंना विचारा, त्यांना माहीत असेल.

जपानी असण्याला महत्त्व आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत जपानमधले कारागीर अमेरिकन छंदिष्टांसाठी अशी इंजिनं हाताने बनवत. पितळी पत्रा कापून, वाकवून बॉयलर आणि केबिन. पंप, घुमट, झडपा असे बारीक भाग मेणाचा नमुना वितळवून केलेल्या ओतकामाचे. आपल्या शेजारी बस्तरमध्ये ढोकरा मूर्ती याच तत्त्वावर ओततात. मग शेकडो तुकडे डाग देऊन जोडायचे. एका नमुन्याचे कधी काहीशे, कधी त्याहून थोडे जास्त नग निघायचे. तेनशोदो, काटसुमी (खोक्यावर केटीएम) ही जपानी नावं. पॅसिफिक फास्ट मेल, वेस्टसाइड, बाल्बोआ हे अमेरिकेतले आयातदार. पुढे येन वधारला, जपानमधली मजुरी वाढली आणि 1980 च्या दशकापर्यंत बरंचसं काम कोरियाकडे गेलं. तिथलं ठळक नाव सामहोंगसा. यांपैकी एखादं नाव खोक्याच्या टोकाला चिकटवलेल्या पट्टीवर किंवा टेंडरखाली सापडेल. ते सापडेपर्यंत किमतीचा विषयच काढू नका.

मापही घ्या. एका बाजूच्या चाकाच्या आतल्या पृष्ठभागापासून समोरच्या चाकाच्या आतल्या पृष्ठभागापर्यंत साधारण साडेचौदा मिलिमीटर भरलं, तर ते 16.5 मिलिमीटरच्या रुळांवर चालणारं, म्हणजे एचओ मापाचं, खऱ्या इंजिनाच्या 87 व्या हिश्शाचं. टेंडरसकट लांबी वीतभराहून थोडी जास्त भरेल. मुरादाबादकडे बनणारी शोभेची पितळी इंजिनं सुद्धा जुन्या बाजारात येतात, आणि इतर वाचकांपैकी कुणाला तसं मिळालं असेल तर त्यात वाईट काही नाही. पण त्यात मोटर नसते, दांडे-चाकं मापाला धरून नसतात, आणि त्याची किंमत शोभेच्या वस्तूची.

आता 1,800 डॉलर. ती मागितलेली किंमत आहे. कुणी दिली का, हे तुम्ही पाहिलेलं नाही. लिलावाच्या संकेतस्थळांवर ‘विकले गेलेले’ एवढंच दाखवणारी सोय असते, ती लावून बघा. साधी, पुनःपुन्हा निघालेली जपानी मिकाडो मॉडेलं अमेरिकेत बऱ्याचदा 200 ते 500 डॉलरच्या दरम्यान जातात. दुर्मीळ नमुना, उत्तम रंगकाम, मूळ खोकं असेल तर जास्त, पण त्यासाठी नमुना ओळखता यायला हवा. एके काळी पितळी इंजिनं ही गुंतवणूक मानली जायची. मग दोन गोष्टी झाल्या. ज्या पिढीने ती जमवली ती म्हातारी झाली, आणि संग्रहच्या संग्रह एकदम बाजारात यायला लागले. दुसरीकडे प्लास्टिक आणि डायकास्टमध्ये (साच्यात ओतलेल्या धातूत) तितकीच बारीक कारागिरी, वर आवाजासकट, कमी पैशांत मिळू लागली. तेव्हा “पुढे वाढेल ना?” याला माझं उत्तर: त्या आशेवर घेऊ नका. भारतात याचं गिऱ्हाईक मूठभर. परदेशात विकायचं तर पाठवणावळ, विमा आणि तुटण्याची जोखीम तुमच्या गळ्यात.

(ज्यांना हे वाचून परदेशातून मागवायची इच्छा झाली असेल त्यांच्यासाठी: मापातली मॉडेलं सीमाशुल्काच्या तक्त्यात खेळण्यांच्याच शीर्षकाखाली येतात. 2020 मध्ये त्यावरचं मूळ शुल्क 20 टक्क्यांवरून 60 वर गेलं, 2023 मध्ये 70 वर. दर बदलत राहतात, ऑर्डर करण्याआधी त्या दिवशीचा दर बघा. पार्सल कस्टम्समध्ये अडकल्यावर हिशेब मांडण्यात अर्थ नाही.)

भाऊ आणि पत्नी यांच्यातला वाद आता जरा वेगळा दिसेल. लाखाचं घबाड बहुधा नाहीच. पण अर्धा-पाऊण किलो पितळेचे भंगारात येतील ते काहीशे रुपये, आणि या वस्तूचे येतील ते निदान काही हजार, फरक आहेच. कायद्याचा आधार भावाला आहे. 1872 च्या करार कायद्याच्या 17 व्या कलमाचं स्पष्टीकरण सांगतं की, नुसतं गप्प राहणं म्हणजे फसवणूक नव्हे. पण पुढचा भाग भावाने वाचलेला दिसत नाही. बोलण्याचं कर्तव्य असेल तर गप्प राहणंही फसवणूकच, असं तिथे म्हटलं आहे आणि उदाहरण घोड्याचं दिलं आहे. खोड असलेला घोडा लिलावात परक्याला विकताना माणूस काही बोलला नाही, तर ती फसवणूक नाही. तोच घोडा स्वतःच्या, नुकत्याच सज्ञान झालेल्या मुलीला विकला, तर नात्यामुळे सांगणं त्याचं कर्तव्य ठरतं. तुमचं काकूंशी रक्ताचं नातं नाही हे मान्य. पण ज्या बाईने तुम्हाला लहानपणापासून घरात येऊ दिलं, ती कोर्टात कोणत्या बाजूला बसेल याचा हिशेब करायची वेळ यावी, यातच उत्तर आलं.

आणखी एक शंका घ्या. काकू अजाण आहेत, हे तुम्ही गृहीत धरलंय. चाळीस-पन्नास वर्षं संसार केलेल्या बाईला नवऱ्याने कपाटात काय जपलं होतं हे ठाऊक नसेल? “पितळेच्या भावाने घेऊन जा” हे आपल्याकडचं देण्याचं बोलणंही असू शकतं. फुकट दिलं तर समोरच्याला अवघडल्यासारखं होतं, म्हणून चार पैसे मागायचे. तसं असेल तर तुम्ही डॉलरचा आकडा घेऊन गेल्यावर त्या हसतील आणि म्हणतील, “मला माहितीये रे. तूच घे.” तेव्हा मात्र निमूटपणे घ्या. पण हे त्यांना बोलू द्या, तुम्ही मनात बोलून मोकळे होऊ नका.

कसं बोलायचं? एका कागदावर लिहून न्या. इंजिनाचे पाच-सहा फोटो, कुणी बनवलं ते कळलं असेल तर नाव, ‘विकले गेलेल्या’ दोन-तीन नोंदी, आणि तुमचा आकडा. परदेशातल्या विक्रीच्या किमतीतून पाठवणावळ आणि विक्रेत्या संकेतस्थळाचं कमिशन वजा करा, मॉडेल चालतं की नाही हे बघून आणखी थोडं कमी करा. उरेल त्याच्या आसपास तुम्हाला परवडेल तो आकडा द्या. अर्ध्याला देऊ केलं तरी मी अन्याय म्हणणार नाही, कारण इथे दुसरं गिऱ्हाईक नाही. फक्त तो अर्धा कशाचा आहे हे त्यांना दिसू द्या. कागद काकूंच्या मुलालाही पाठवा. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्यानुसार काकांच्या वस्तूंवर पत्नीइतकाच मुलांचाही हक्क आहे, आणि सहा महिन्यांनी “आईने काय दिलं तुम्हाला?” असा फोन यायला नको. आठवडाभर वाट बघा. परवडत नसेल तर “मी विकून देतो, पैसे तुमचे” असंही म्हणता येईल. त्यात मेहनत बरीच आहे, आणि तुमचं इंजिनावरचं प्रेम पाहता हे होईलसं मला वाटत नाही.

पैशांची बोलणी होईपर्यंत कुणीही त्याला काहीही लावू नये. सासूबाईंना माझ्यातर्फे नमस्कार सांगा, आणि पितांबरी देवघरातच राहू द्या. समई-ताम्हनासाठी ती ठीक आहे. भांडं जाड असतं, घासल्यावर धुता येतं, आणि पुढच्या सणाला पुन्हा घासायचंच असतं. या इंजिनावर पाव मिलिमीटर जाडीच्या तारेचे कठडे आहेत, टाचणीच्या डोक्याएवढे नटबोल्ट आहेत. पावडर त्यांच्या कपारीत शिरली की निघत नाही, आणि ओली राहिली की आठ दिवसांत तिथून हिरवं फुटतं. चिंच, लिंबू, व्हिनेगर यांचं आणखी वेगळं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबट पदार्थ जास्त वेळ राहिला तर तो जस्त खातो आणि वर तांब्याची गुलाबी झाक उरते. भांड्यावर ती खपते. इथे एकदा आली की तो डाग कायमचा, रंगाखाली झाकण्यापलीकडे इलाज नाही.

शिवाय जपानी मॉडेलांवर कारखान्यातच पारदर्शक लॅकरचा पातळ थर देत. तुम्हाला दिसणारं काळवंडलेपण बहुधा लॅकर उडालं तिथलं आणि खोक्यातल्या फोमचं. घासलंत तर उरलेलं लॅकर ठिकठिकाणी निघेल आणि वर्षभरात ते चित्त्यासारखं ठिपक्याठिपक्यांचं होईल. सगळीकडून सारखा आलेला तपकिरी रंग जाणकारांना चालतो, बऱ्याच जणांना आवडतोही. भांड्यांच्या बाजारात मशीनवर बफिंग करून देणारे असतात. त्यांच्या दुकानावरून जाताना हे पिशवीतसुद्धा नेऊ नका.

बाटलीतल्या पितळ-पॉलिशांबद्दलही तेच. त्यांत बऱ्याचदा अमोनिया असतो, काच पुसायच्या काही द्रवांतही असतो. अमोनियाने पितळाचं काय होतं याची जुनी गोष्ट भारतातलीच आहे. इंग्रजी फौजेच्या पितळी काडतुसांना पावसाळ्यात आपोआप तडे जायचे. ती तबेल्यांजवळ साठवलेली असत. घोड्यांच्या मुताचा अमोनिया, हवेतला दमटपणा आणि कारखान्यात ठोकून-ओढून आकार दिलेल्या धातूत अडकलेला ताण, तिन्ही जमून पितळ चिरायचं. ऋतू पाहून तडकणारं म्हणून त्याचं नावच ‘सीझन क्रॅकिंग’ पडलं, आणि 1921 मध्ये त्याचं कारण पक्कं झालं. तुमच्या इंजिनाचा पत्राही वाकवून, दाबून आकाराला आणलेला आहे.

म्हणजे पितळ गंजत नाही हा दिलासा अर्धाच आहे. लोखंडासारखा गंज धरत नाही, एवढंच. मुळात सगळं इंजिन पितळेचं नाहीच. आत मोटर आहे, पोलादी दांडे आहेत, रबर आहे, जुनं ग्रीस आहे. खरी देखभाल त्यांची.

ते करण्याआधी फोम. पत्रात तुम्ही लिहिलंय, “खोक्यातला पिवळा स्पंज हाताला चिकट लागतो.” हा पॉलियुरेथेन फोम वय झालं की दमटपणाने विरघळल्यासारखा होतो, भुगा होऊन चिकटतो आणि लॅकर ओढून घेतो. आजच काढा. मऊ, कोरड्या ब्रशने आणि लाकडी टूथपिकने, घाई न करता. नखाने खरवडू नका, थिनर किंवा स्पिरिट लावू नका, लॅकर त्यात विरघळू शकतं. मूळ खोकं मात्र टाकू नका, त्याला स्वतःची किंमत आहे. आत मऊ, पांढरा ईपीई (पॉलिथिनचा) फोम कापून बसवा, इंजिनाभोवती पातळ पॉलिथिन. वर्तमानपत्राची रद्दी गुंडाळू नका, तिच्यातलं आम्ल धातूला बाधतं.

उचलायचं तर इंजिन आणि टेंडर एकदम, दोन हातांनी, खालच्या कडेला धरून. दोघांमधल्या दांड्यावर ओढ पडता कामा नये. सुती हातमोजे घाला, नागपूरच्या मे महिन्यात हाताला घाम नसतो असं कोण म्हणेल! घामातलं मीठ पितळावर बोटाचा ठसा कोरून ठेवतं.

मुलाला आत्ताच बजावून ठेवा: टेबलावर ढकलायचं नाही. मोटरवरचा आटेदार दंड गिअरला फिरवतो, पण चाकं हाताने फिरवली तर गिअर त्या दंडाला फिरवू शकत नाही, दात मात्र झिजतात. बहुतेक जुनी मॉडेलं कुणी तरी लाडाने ‘फिरतं का बघू’ म्हणूनच बिघडलेली असतात.

चालतं का हे बघायची सोपी रीत आहे. नऊ व्होल्टची लहान चौकोनी बॅटरी आणि दोन वायरी घ्या. या प्रकारच्या मॉडेलात साधारणपणे इंजिन एका रुळावरून वीज घेतं, टेंडर दुसऱ्या. म्हणून इंजिनाची एका बाजूची आणि टेंडरची उलट बाजूची चाकं विजेपासून तोडलेली असतात. इंजिन मऊ कापडावर उताणं ठेवा. एक वायर इंजिनाच्या चाकाला, दुसरी टेंडरच्या चाकाला, दोन्ही बाजूंची आलटून पालटून. कुठे तरी जोडी जमेल. इंजिन आणि टेंडर यांची धातूची अंगं एकमेकांना टेकलेली नसावीत, टेकली की शॉर्ट. क्षणभरच लावा. चाकं सरळ फिरली तर उत्तम. प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी अडखळली तर डाव्या-उजव्या चाकांचा काटकोन बिघडला असेल. दोन्ही बाजूंचे दांडे एकमेकांना नव्वद अंशांवर असावे लागतात, चाक धुरेवर किंचित जरी फिरलं तरी दांडे अडतात. ते काम घरी करू नका. नुसती मोटर घूं घूं करतेय आणि चाकं स्तब्ध असतील तर आनंद माना, कारण हा बिघाड सर्वांत स्वस्त. मोटर आणि गिअर यांना जोडणारी इंचभर रबरी नळी म्हातारी होऊन कडक पडली किंवा फाटली. रेडिओवर उडणाऱ्या मॉडेल विमानांसाठी इंधनाची बारीक सिलिकॉन नळी मिळते, योग्य व्यासाची घेऊन तुकडा बसवायचा.

यापलीकडे मोटरला हात नको. जुनी मोटर उघडी, चुंबक बाहेर दिसणारं असेल, तर ते चुंबक काढून साफ करायचा मोह अनेकांना होतो. त्या काळची चुंबकं जागेवरून काढली की ताकद गमावतात. मोटर मग तापते, वीज पिते आणि ओढत काहीच नाही. ग्रीस मेणासारखं घट्ट झालं असेल तर ते काढून नवं हलकं ग्रीस गिअरवर. धुरांच्या टेकूवर शिलाई मशीनचं तेल, सुईच्या टोकावर मावेल एवढंच. खोबरेल, एरंडेल, गोडेतेल अजिबात नको. वाहत जाऊन चाकाच्या कडेला लागलं की वीज मिळत नाही, वाळलं की डिंक होतो.

रुळांचं काय? तुम्ही लिहिलंय, “मुलाच्या ट्रेन सेटचे रूळ आहेत.” प्लास्टिकचे आणि गाडीत बॅटरी असेल, तर त्या रुळांत वीजच नाही. धातूचे एचओ रूळ असले तरी सेटमधलं वळण बहुधा 18 इंच त्रिज्येचं असतं. आठ मोठ्या चाकांचं पितळी इंजिन 22 ते 24 इंचांच्या आत वळवलं तर रुळावरून उतरतं, किंवा पुढची लहान चाकं सिलिंडरला टेकून शॉर्ट होतात. सरळ रुळाचे तीन-चार तुकडे आणि 12 व्होल्टचा डीसी कंट्रोलर एवढं पुरे. पुढे-मागे चालवा. मुलाला खेळायला त्याचा सेट आहेच. तुकडे जोडताना दिलेल्या जुन्या डागांत शिसं असतं, हाताळल्यावर त्याने हात धुवावेत. आणि चाकं-दांडे कसे चालतात हे त्याला मनसोक्त बघायचं असेल तर मोतीबागच्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात न्या. अडीच फुटी रुळांवरची खरी इंजिनं तिथे आहेत. नागपूर-नागभीड मार्गावरची ती गाडी 2019 मध्ये बंद झाली, तेव्हा त्याच्या पिढीला हे असंच बघावं लागणार.

ठेवायचं कुठे, याबद्दल नागपूरकरांना एक वेगळं सांगायला हवं. पुण्या-मुंबईची पुस्तकी माहिती इथे पुरत नाही. आपल्याकडे वर्षातले बरेच महिने हवा इतकी कोरडी की पितळाला काहीच होऊ नये. मग एप्रिल लागतो आणि आपण स्वतःच्या हाताने घरात पावसाळा आणतो. कूलर लावतो. ताट्यांवर जमणारा तो पांढरा थर तुम्ही दर सीझनला खरवडता ना? तोच क्षार सूक्ष्म तुषारांतून खोलीभर फिरतो, आणि शोकेस कूलरच्या झोतासमोर असेल तर काळे-हिरवे ठिपके दसऱ्यापर्यंत थांबत नाहीत. म्हणून कूलर नसलेल्या खोलीत, बंद काचेच्या किंवा ॲक्रिलिकच्या पेटीत ठेवा. नव्या प्लायवूडच्या शोकेसमध्ये लगेच नको. त्यातल्या गोंदाचे आम्लधर्मी वाफारे बंद पेटीत साठतात आणि मॉडेलातल्या शिशाच्या, जस्ताच्या भागांना आधी खातात. शोकेस सहा महिने उघडी ठेवून वास जाऊ द्या. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या, जूनपासून सप्टेंबरपर्यंत रंग बदलला की तापवून कोरड्या करायच्या. डांबरगोळ्या नकोत, रबरी चटई नको, आणि देवघराशेजारी तर नकोच. धूप-उदबत्तीचा तेलकट थर या बारीक कामावरून निघत नाही.

धूळ ब्लोअरच्या रबरी फुग्याने आणि मेकअपच्या मऊ ब्रशने. तीन-चार महिन्यांतून एकदा दोन मिनिटं चालवा, नुसतं ठेवलेलं ग्रीस घट्ट होतं.

रंग द्यावा का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. कोरं पितळी मॉडेल संग्राहकांना जास्त हवं असायचं, आता चांगलं रंगवलेलंही चालतं. वाईट रंगवलेलं कुणालाच नको. घाई नको.

तेव्हा आधी खोक्याच्या टोकाची पट्टी, टेंडरचं पोट आणि समोरची आडवी पट्टी, असे तीन फोटो काढा. चाकांच्या फोटोत शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवा, म्हणजे माप कळेल. ते मला पाठवा, नमुना ओळखता आला तर सांगते. काकूंकडे जायचं ते त्यानंतर, आणि पत्नीला सोबत घेऊन जा. भावाला नेलं नाही तरी चालेल.